कळलावीचा दुसरा फाटा

आमच्या घरात तिचं नाव कोणी घेत नसे. पावसाळा सरता सरता भंडाऱ्याजवळच्या आमच्या वरठीच्या आसपास, रेल्वेच्या कुंपणावर आणि बांधावरच्या बोरीच्या झुडपांवर ती चढायची आणि अशी काही लाल-पिवळी फुलायची, की अनोळखी माणसाचा हात आपसूक पुढे जायचा. आम्ही पोरी लांबूनच बघायचो. कळलावी घरात आली की भांडणं लागतात. बाळंतपणासाठी आणायचीच झाली तर कोणाला न सांगता आणायची, लपवून ठेवायची आणि तोंडातून तिचं नाव काढायचं नाही, असं मोठ्या मायनं आम्हाला शिकवलं होतं. आता मी तिचं नाव उठता-बसता घेते. तिच्या कंदात जे अल्कलॉइड असतं, कोल्चिसीन, ते आणि त्याचे भाऊबंद काचेच्या चंबूत तयार करण्यात माझी सगळी नोकरी खर्ची पडली. लोकांना वाटतं विषय गाईडनं दिला असेल. गाईडनं दिलेले विषय मी नाकारले होते आणि हा भांडून मागून घेतला होता. का, असं कोणी विचारलं की मी 'कुतूहल' म्हणते आणि चहा मागवते. मी तिरसट आहे असं माझे विद्यार्थी म्हणतात, ते खरंच आहे. पण हे प्रकरण लिहायला बसले आहे तर इथे खोटं लिहिण्यात काही अर्थ नाही.

मोठी माय म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. बाबांची आई वारली तेव्हा बाबा रांगत होते आणि मोठी माय नवी नवरी होती. तिनं त्यांना मांडीवर घेऊन पेज पाजली, पाटी-लेखणी दिली, आणि नवरा गेल्यावर त्यांच्याच घरी राहिली. घर तिचंच होतं म्हणा ना. बाबा कारखान्यात भट्टीवर होते. घरात पहाटे कारखान्याचा भोंगा, दिवसभर मालगाड्यांची खडखड आणि पावसाळ्यातल्या वर्षावासात संध्याकाळी विहारातल्या लाऊडस्पीकरवरचं वाचन. आणि या सगळ्याच्या वर बाबा आणि मोठी माय यांची जुंपलेली. बाबांना अंगारे-धुपारे, ताईत, उतारे यांची भयंकर चीड. कोणी दाराला लिंबू-मिरची लावली तर बाबा लिंबू पिळून सरबत करून प्यायचे आणि मिरची वरणात टाकायचे. "आपण कायले बुद्ध झालो मंग, वहिनी? हेच कराचं होतं तं जुनं काय वाईट होतं?" असं त्यांनी म्हटलं की मोठी माय पदर तोंडाला लावून हसायची. "तू शिकला शालिक, मी नाही शिकली. मले राहू दे तशीच," म्हणायची. आणि करायचं तेच करायची, फक्त त्यांच्या नजरेआड. दोघांचा एकमेकांवर एवढा जीव होता, की त्या भांडणाचं आम्हाला कधी काही वाटलं नाही.

मी तेव्हा नागपूरला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात होते आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. धान कापणीला आलं होतं. सगळीकडे त्याचा ओलसर, गोड वास होता. माझी थोरली बहीण शीलाताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि दिवस भरत आले होते. घरात जो तो तिच्या तोंडाकडे बघत असायचा. माय तिच्यासाठी धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानाच्या वड्या करायची, बाबा कारखान्यातून येताना संत्री आणायचे, आणि मोठी माय तिच्या पोटावर हात ठेवून बसायची. तिचं स्वतःचं एकच बाळंतपण झालं होतं, ते अडलं होतं. बाळ हाती लागलं नाही आणि पुन्हा कूस उजवली नाही. शीलाताई कण्हली की मोठ्या मायच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मला आज नीट समजतं. तेव्हा मला ती नुसतीच जास्त काळजी करते असं वाटायचं आणि राग यायचा.

आता जे सांगते ते मला तेव्हा माहीत नव्हतं. घरात एकीलाच माहीत होतं. मोठी माय एका दुपारी बांधावर गेली आणि तिनं कळलावीचा कंद उकरून आणला. हा कंद नांगरासारखा असतो, दोन फाट्यांचा, आणि ठिसूळ. आणताना तो मधोमध मोडला. एक फाटा तिनं चिंधीत गुंडाळून ताईच्या कमरेला, साडीच्या आत बांधला, बाळंतपण सोपं व्हावं म्हणून. ताईला सांगितलं, नाभी सरकू नये म्हणून आहे, बापाला दाखवू नको. दुसरा फाटा राहिला. तो फेकायला तिचं मन होईना. पहिला पडला-हरवला तर हातचा असावा. ठेवायचा कुठे? बाबांनी बघितला असता तर घर डोक्यावर घेतलं असतं. नाव तर घ्यायचंच नाही, म्हणून मायलाही सांगायचं नाही. घरामागच्या सांदवाडीतली रताळी नुकतीच खणून टोपलीत ठेवली होती. बारीक, मातीनं माखलेली. मोठ्या मायनं तो फाटा त्या टोपलीत खाली सारून ठेवला. तो त्यांच्यातलाच एक दिसत होता.

त्या सकाळी मायनं चुलीच्या निखाऱ्यात रताळी भाजली. थंडी पडायला लागली होती, मी आणि बाबा चुलीजवळ बसून होतो. जवसाची चटणी, मीठ आणि गरम रताळी. बाबांना कामावर जायचं होतं, ते भराभर सोलून खात होते. एक खाताना ते थांबले.

"हे कडू लागून राहिलं वो."

"अळी लागली असन," माय चुलीत फुंकत म्हणाली. "फेका ना मंग."

"फेकाले कायले? खाली गेल्यावर कोण पायते कडू हाय का गोड हाय?"

बाबांना अन्न टाकलेलं चालायचं नाही. लहानपणी उपाशी झोपलेला माणूस होता तो. चटणीत घोळवून त्यांनी ते सगळं संपवलं, वर पाणी प्यायले, आणि मला म्हणाले, "तुह्या कॉलेजात कडू कायनं होते थे शिकवतेत का नाही?" मी म्हटलं, "शिकवतेत ना बाबा, बहुतेक अल्कलॉइडं कडूच असतेत." ते हसले, सायकल काढली आणि गेले. त्याच ताटलीतलं एक मीही खाल्लं होतं. ते गोड होतं.

दुपारी त्यांच्या सोबतचे दोघेजण मोटारसायकलवर त्यांना मध्ये धरून थेट भंडाऱ्याला घेऊन गेले आणि तिसऱ्यानं घरी निरोप आणला. घशात आग, उलट्या, जुलाब, थांबायचं नाव नाही. भंडाऱ्यात एक लहानसा दवाखाना होता, नवरा-बायको दोघंही डॉक्टर. तो पोटाचे आजार बघायचा, ती बाळंतपणं करायची, आणि ताईचं नावही तिथंच घातलेलं होतं. आम्ही पोचलो तोवर बाबांचे डोळे खोल गेले होते. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. आजूबाजूच्या दोन-तीन गावांत गॅस्ट्रोची साथ चालू होती, डॉक्टरांकडे आधीच तसे रुग्ण होते. त्यांनी गॅस्ट्रोचे उपचार केले, सलाइनवर सलाइन लावली, आणि त्या घडीला दुसरं कोणीही हेच केलं असतं. मला त्या डॉक्टरांबद्दल आजही वाईट बोलवत नाही.

आणि बाबा बरे व्हायला लागले! तिसऱ्या दिवशी सकाळी ते उठून बसले. उलट्या थांबल्या होत्या, चेहऱ्यावर तरतरी होती. "मले झिंग्याची चटणी आन भात पायजे," म्हणून नर्सशी वाद घालत होते. मायला तीन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. त्याच सकाळी शीलाताईला कळा सुरू झाल्या. मोठी माय तिला ऑटोत घालून घेऊन आली आणि दुपारच्या आत ताईला मुलगी झाली, विनात्रास, काही टाका नाही की काही नाही. बाबा सलाइनचा स्टँड एका हातानं ढकलत व्हरांड्यातून चालत गेले आणि नातीला बघून म्हणाले, "अवो, हे तं माह्यासारखीच टकली हाय!" सगळे हसले. डॉक्टर म्हणाले, उद्या घरी जा. मला आठवतं, त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं होतं, की मी कोणाचंही काहीही माफ केलं असतं. त्यानंतर तसं हलकं मला कधी वाटलं नाही.

मोठ्या मायनं मला दंडाला धरून मागच्या नळापाशी नेलं. आनंदानं तिचा ऊर भरून आला होता.

"तुले सांगतो कुंदा, कोणाले सांगू नको. तुह्या बापाले तं बिलकुल नाही. म्याच बांधली होती शीलाच्या कमरेले. पोट्टी झाल्याबरोबर सोडली आन नालीत टाकली. पाय कशी सुटली पोरगी!"

"काय बांधलं होतं?"

"थे वो." तिनं हात वर नेत वेल चढवून दाखवली. "कुंपणावरची. नाव नको घेऊ."

मी कपाळाला हात लावला आणि हसले. खरंच हसले. म्हटलं, एवढा बाप घरात असून तू सुधारणार नाहीस. तीही हसली, आणि हसता हसताच म्हणाली, "आणताना मोडली ना पण. एक फाटा बांधला, एक हातचा म्हणून रताळ्याच्या टोपलीत ठेवला होता. काल पायलं तं नाही. उंदरानं नेला असन."

बाबांचं कडू रताळं मला आठवलं. बी.एस्सी.ला आम्ही कांद्याची मुळं कोल्चिसीनच्या पाण्यात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो. पेशी दुभंगायला निघालेली असते आणि मध्येच थांबते. पुढे नाही, मागे नाही. शरीरात ज्या पेशी सतत नव्या होतात, त्या आधी मरतात. आतड्याच्या पहिल्या, म्हणून उलट्या-जुलाब. आणि मग हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं, तिथल्या. त्याला थोडा वेळ लागतो. त्या मधल्या वेळात माणूस बरा दिसतो. मी व्हरांड्याकडे बघितलं तर बाबा तिथे नातीशी बोबडं बोलत उभे होते. मोठी माय विचारत होती, काय झालं वो, अशी पांढरी कायले पडली? मी म्हटलं, कायी नाही, भूक लागली.

डॉक्टरांनी आधी माझं ऐकून घेतलं नाही. "अगं, पेशंट चालतोय, भांडतोय. तू अभ्यास जास्त करतेस," म्हणाले. मग मी कंद म्हटलं, कळलावी म्हटलं, टोपली म्हटलं, कडू लागलं होतं म्हटलं. ते उठले, कपाटातून विषांवरचं जाड पुस्तक काढलं आणि उभ्यानंच वाचू लागले. वाचता वाचता खुर्चीत बसले. मग नर्सला हाक मारून त्यांनी बाबांचं रक्त तपासायला पाठवलं, आणि अहवाल आला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पांढऱ्या पेशी उतरायला लागल्यात. नागपूरला न्या. आत्ताच न्या."

गाडीत मागे मी आणि बाबा होतो, माय पुढे ड्रायव्हरजवळ. मध्ये काच होती. भंडाऱ्यापुढचं शहापूर मागे पडलं तेव्हा ते म्हणाले, "बरा हाय म्हणतेत आन नागपूरले नेऊन राहिले. कुंदा, काय झालं मले?"

मी खोटं बोलणार होते. पण बाबांशी खोटं बोलायची आम्हाला सवयच नव्हती. मी सांगितलं. रताळं नव्हतं ते. ते बाहेरची कापलेली शेतं बघत राहिले.

"वहिनीनं आणली," ते म्हणाले. "शीलासाठी आणली असन. आन मी बोंबलीन म्हणून लपवली." मग माझ्याकडे वळून, "उतारा हाय का याच्यावर?"

"नाही बाबा."

"नाही म्हंजे नाहीच?"

"नाही."

मला रडू आवरेना. त्यांनी माझ्या डोक्यावर थापटी मारली, लहानपणी मारायचे तशी. "आयक. वहिनीनं आणली आन तुह्या मायनं भाजली. दोघींतल्या एकीलेही सांगू नको. त्या जगणार नाहीत. गॅस्ट्रो झाला होता मले, बस." मी मान हलवली. शब्द दिला असंच म्हणा.

पुढचं मला फार लिहायचं नाही. नागपूरला दोन दिवस ते बोलत होते, मग श्वास लागायला लागला, मग हिरड्यांतून रक्त. मी रक्तपेढी ते वॉर्ड अशी धावत होते. डॉक्टर मला शिकलेली म्हणून सगळं इंग्रजीत सांगत होते आणि मी ते मायला मराठीत सांगताना निम्मं गाळत होते. मोठी माय मागून आली आणि खाटेजवळून हलली नाही. बाबा त्या आठवड्यातच गेले. दवाखान्याच्या दारात मोठी माय छाती बडवत म्हणाली, "गॅस्ट्रोनं नेला वो माह्या लेकराले!" आणि मी म्हटलं, "हो मोठी माय."

आज माझ्या प्रयोगशाळेत नवीन आलेल्या मुलांना मी दोन-दोन हातमोजे घालायला लावते, तिथे कोणी पाण्याची बाटलीही आणलेली मला खपत नाही, आणि मुलं पाठीमागे माझी नक्कल करतात. करू देत. या रेणूत औषध आणि विष यांच्यात अंतर किती थोडं आहे, ते मी उंदरांवर वर्षानुवर्षं मोजलं आहे. कोल्चिसीनच्या सातकोनी कड्या मी जोडल्या, तोडल्या, त्यांच्यावरचे अणू बदलले, कमी मारतील असे भाऊबंद तयार केले. त्यातले दोन कागदावर बरे दिसतात. कुठल्याही दवाखान्यात मिळेल असा उतारा मात्र अजून नाही. दरवर्षी कुठूनतरी कोणीतरी हा कंद खाल्ल्याची बातमी येते आणि त्या दिवशी माझं कामात डोकं लागत नाही.

तेव्हा, बाबा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला, अंगणात मांडव घातला होता. भन्तेजींचं वंदन झालं, जेवणं झाली, माणसं पांगली. बायका अंगणात भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारची सूनही होती, तिचे दिवस भरत आले होते आणि ती घाबरलेली होती. मी खरकटी ताटं उचलत होते. तेव्हा मोठ्या मायचा आवाज कानावर पडला. रडून रडून बसलेला, पण मायेचा.

"भिऊ नको वो बाई. माह्याजवळ एक इलाज हाय. आमच्या शीलाले केला, पाय कशी सुटली. मी तुले आणून देतो. घरात कोणाले सांगू नको फक्त."

मी हातातली ताटं खाली ठेवली. संताप आला मला. बाबांना दिलेला शब्द मला आठवला आणि त्याच दमात कळलं की तो पाळता येणार नाही. त्यांनी सगळ्यांचा विचार केला होता, शेजारच्या सुनेचा केला नव्हता. मी मोठ्या मायला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि सांगितलं. टोपली, फाटा, बाबांचं कडू रताळं, सगळं. मायला कळू देऊ नको म्हणून बजावलं. तिला सांगितल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

ती रडली नाही. ओरडलीही नाही. चुलीपाशी खाली बसली.

"शालिकले मालूम होतं?"

"हो."

"कव्हापासून?"

"नागपूरले जाताना गाडीत सांगितलं मी."

"नाही," ती म्हणाली. "तुले पुरं मालूम नाही. त्यानं तिथं तुह्या मायच्या हातचं घेतलं नाही, नर्सच्या हातचं घेतलं नाही. म्हणे, वहिनी पाजन तं पेतो. माह्या हातानं पेज पेली त्यानं. वाटीभर. मले वाटलं, बरा होऊन राहिला."

मी त्या वेळी रक्त आणायला गेले असेन. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसांत बाबांच्या तोंडात नुसते फोड होते. पाण्याचा थेंब गिळतानाही ते चादर घट्ट धरायचे.

मोठी माय उठली. मला वाटलं, तोंड धुवायला मागे जाईल. तिनं पुढचं दार उघडलं आणि ती अंगणात गेली. मी मागून पदर धरला, तो तिनं सोडवून घेतला. शेजारच्या सुनेसमोर जाऊन ती उभी राहिली.

"कायी बांधू नको वो बाई, दवाखान्यात जाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "माहा शालिक गॅस्ट्रोनं नाही गेला. म्या आणलेली मुळी रताळ्यात मिसळली, थे खाऊन गेला."

माय तिथंच बसली होती, शीलाताईच्या बाळाला मांडीवर घेऊन. तिनं आधी मोठ्या मायकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे, आणि बाळाला उचलून माझ्याकडे देत म्हणाली, "हिले धर."